मॉडेल रेल्वेचं स्टेशन खोटं का दिसतं? रूळ मांडण्यामागचं साधं गणित

गणपतीच्या दिवसांत कोकण रेल्वेवर जादा गाड्या सुटतात आणि दरवर्षी डब्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो: इथे थांबा नाही, कोणी चढत-उतरत नाही, मग गाडी एवढा वेळ उभी का? डब्यातला एखादा जाणता सांगतो, "क्रॉसिंग आहे." थोड्या वेळाने शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी धडधडत निघून जाते आणि मग आपली हलते.

मॉडेल रेल्वेचा नाद असलेल्यांना छळणारा प्रश्न वरवर याहून अगदी निराळा आहे. हौसेने रूळ आणले, इंजिन आणलं, जांभ्या दगडाची भिंत रंगवली, माड लावले, तरी स्टेशन खेळण्यातलंच का दिसतं? माझ्या मते दोष रंगात क्वचितच असतो, रुळांत असतो. खऱ्या स्टेशनातला प्रत्येक रूळ कुठल्या तरी कामासाठी टाकलेला असतो. मॉडेलमधला रूळ बऱ्याचदा खोक्यात तेवढे तुकडे निघाले म्हणून टाकलेला असतो.

तेव्हा कोकणात असतं तसं, एकेरी मार्गावरचं छोटं क्रॉसिंग स्टेशन भिंतीलगतच्या १० फुटी फळीवर कसं बसवायचं ते पाहू. एखाद्या विशिष्ट स्टेशनची नक्कल करायची नाही. ते ज्या कारणांनी तसं घडतं, ती कारणं उचलायची.

आधी गाड्या, मग रूळ

कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटर धावते. १९९८ मध्ये ती पूर्ण खुली झाली. रोहा ते वीर हा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पुढचा बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे. म्हणजे मुंबईकडून येणारी आणि मडगावकडून येणारी गाडी एकाच रुळावर. अरुंद घाटरस्त्यावर समोरून एसटी आली की एकाने जरा रुंद जागा बघून कडेला घ्यायचं आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं, तसाच हा मामला आहे. रेल्वेत ती रुंद जागा म्हणजे क्रॉसिंग स्टेशन.

म्हणून हातात रूळ घेण्याआधी कागद घ्या आणि आपल्या स्टेशनवर कोणत्या गाड्या येणार ते लिहा. आपल्यापुरत्या चार पुरेत. न थांबता जाणारी एक एक्स्प्रेस. थांबणारी आणि एक्स्प्रेससाठी अडकून पडणारी एक पॅसेंजर. एक मालगाडी. आणि १९९९ पासून कोकण रेल्वेची ओळख बनलेली रो-रो, म्हणजे भरलेले ट्रक पाठीवर घेऊन जाणारी गाडी.

आता मोजा. दोन गाड्यांना एकमेकींना ओलांडायचं असेल तर दोन रूळ लागतात. त्या ओलांडत असताना मालगाडी आधीच येऊन उभी असेल तर तिसरा. माल चढवायचा-उतरवायचा असेल तर बाजूला आणखी एक. झालं. पाचवा रूळ टाकायचा मोह झाला तर त्यावर कोणती गाडी उभी राहणार ते आधी सांगता आलं पाहिजे.

मेन, लूप आणि सांधा

शब्द तीनच लागतील. स्टेशनातून सरळ आरपार जाणारा रूळ म्हणजे मेन. मेनमधून फुटून, थोडं समांतर धावून पुन्हा मेनला मिळणारा रूळ म्हणजे लूप. आणि जिथे एका रुळाचे दोन होतात, तो सांधा. तो बदलणारा माणूस सांधेवाला.

पहिली मोठी चूक इथेच होते. सांध्याला दोन वाटा असतात, एक सरळ आणि एक वळणारी. खऱ्या रेल्वेत मेन नेहमी सरळ वाटेने जाते, कारण न थांबणारी गाडी तिथून पूर्ण वेगात जायची असते. लूपला जाणारी गाडी वळणारी वाट घेते आणि तिथे वेग साधारण ताशी ३० किलोमीटरवर आणावा लागतो. मॉडेलमध्ये मात्र एक्स्प्रेस प्रत्येक सांध्यावर डावी-उजवी डुलत जाताना दिसते, कारण आखणाऱ्याने मेन कोणती हे ठरवलेलंच नसतं. कागदावर आधी मेनची एक सलग रेघ ओढा. बाकी सगळं तिच्यातून फुटेल, ती कोणासाठी वाकणार नाही.

आपल्या स्टेशनात मेन मधोमध ठेवू. इमारतीच्या बाजूला एक लूप, त्याला फलाट. पलीकडे दुसरं लूप, मालगाडीसाठी. मधल्या मेनला फलाट नाही म्हणून काही जण बिचकतात, पण अशी रचना आपल्याकडे नवलाची नाही. थांबणाऱ्या गाडीने लूपला यावं, न थांबणारीने मधून निघून जावं, एवढंच तिचं म्हणणं आहे.

गाडी मावते कुठे?

एचओ हे जगभर सर्वाधिक चालणारं प्रमाण आहे: १ : ८७. खरा एक मीटर म्हणजे मॉडेलमधले साडेअकरा मिलिमीटर. एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीचे, २४ डबे आणि इंजिन धरून एक्स्प्रेस जवळपास ६०० मीटर भरते, म्हणजे मॉडेलमध्ये पावणेसात मीटरच्या वर. आपल्याकडे लूपमध्ये गाडीला उभं राहायला ६८६ मीटर मोकळी जागा हा अनेक वर्षांचा प्रमाण आकडा. त्याचे होतात ७.९ मीटर. बहुतेकांचा दिवाणखाना एवढा नसतो, आणि असला तरी घरची माणसं देत नाहीत.

तेव्हा गाडी कापावी लागते. किती, ते अंदाजाने ठरवू नका. १० फूट म्हणजे ३०५ सेंटिमीटर. दोन्ही टोकांना मेन फळीबाहेर जाण्यासाठी १५-१५ सेंटिमीटर सोडा. राहिले २७५. दोन लूप एकाच बिंदूतून फुटू शकत नाहीत, एकामागे एक दोन सांधे बसवावे लागतात. बाजारातला मध्यम सांधा सुमारे २२ सेंटिमीटर लांब असतो. दुसरा सांधा सुरू होतो तिथपासून रूळ पुरेसे फाकेपर्यंत आणखी ३५ धरा. एका बाजूला ५७, दोन्हीकडे मिळून ११४. उरले १६१ सेंटिमीटर.

हे "पुरेसे फाकेपर्यंत" म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळं स्टेशन त्यावर उभं आहे. सांध्याजवळ दोन रूळ इतके जवळ असतात की एकावर डबा उभा असला तर दुसऱ्यावरून जाणारा त्याला घासेल. जिथून पुढे घासणार नाही, तिथे दोन रुळांच्या मध्ये एक खूण असते. तिला फाउलिंग मार्क म्हणतात. आपल्या ब्रॉडगेजवर ती दोन रुळांच्या मध्यरेषांमध्ये ४.२६५ मीटर अंतर पडतं तिथे येते. एचओमध्ये ४९ मिलिमीटर. लूपला आलेल्या गाडीचं शेपूट या खुणेच्या आत आलं तरच शेजारची मेन मोकळी झाली असं म्हणायचं. गाडी सोडणारा सिग्नलही खुणेच्या आतच उभा असतो. म्हणून लूपची लांबी सांध्यापासून सांध्यापर्यंत मोजण्यात अर्थ नाही. खुणेपासून खुणेपर्यंत मोजा.

आता १६१ सेंटिमीटरमध्ये काय बसतं? जुना निळा आयसीएफ डबा बफर धरून साधारण २२.३ मीटर, म्हणजे २५.६ सेंटिमीटर. इंजिन २४ ते २५. पाच डबे आणि इंजिन मिळून १५२-१५३. बसले, आठेक सेंटिमीटर हाताशी राहिले. एलएचबी डबा २४ मीटरचा, म्हणजे २७.६ सेंटिमीटर. असे पाच आणि इंजिन १६२ च्या पुढे जातात. एका सेंटिमीटरने गाडी खुणेबाहेर! एलएचबी चारच घ्या, किंवा काळ थोडा मागे नेऊन आयसीएफ वापरा. डब्यांची ऑर्डर देण्याआधी हे गणित केलं तर पैसे वाचतात.

पाच डब्यांची एक्स्प्रेस हास्यास्पद नाही का दिसणार?

हा आक्षेप रास्त आहे. पण डोळा डबे मोजत नाही, तुलना करतो. पाच डब्यांची गाडी सहा डब्यांच्या फलाटाला लागली तर ती गाडी वाटते. तीच गाडी बारा डब्यांच्या फलाटाला लागली तर वाट चुकल्यासारखी दिसते. म्हणून गाडी, फलाट आणि लूप ही तिन्ही एकाच हिशोबाने आखडायची.

फलाटाची रुंदी-उंची मात्र आखडू नका. आपल्या उंच फलाटाची उंची रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असते, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण ९ ते साडेनऊ. विकत मिळणारे परदेशी फलाट अनेकदा याहून बुटके असतात आणि त्यांच्यामुळे अख्खं दृश्य युरोपातलं वाटू लागतं. पुठ्ठा किंवा एमडीएफ कापून घरीच केलेला फलाट बरा. त्याची कड रुळाच्या मध्यापासून सुमारे १९ मिलिमीटरवर येते. फलाट वळणावर असेल तर सर्वात लांब डबा हाताने ढकलून बघा आणि घासेल तेवढी कड मागे घ्या.

सांधा मात्र जितका लांब तितका चांगला

गाडी कापली, फलाट कापला, आता सांधेही छोटे घेऊ, असं वाटणं साहजिक आहे. तिथे हात आवरा. सांध्याचा कोन रेल्वेत "वन इन ट्वेल्व्ह" असा सांगतात: १२ मीटर पुढे गेलं की रूळ १ मीटर फाकतात. हा कोन पाच अंशांच्याही आतला आहे. सांधा असा हळूच सुटत असल्यामुळे खऱ्या स्टेशनाच्या तोंडाशी रुळांची ती निमुळती, लांबत जाणारी नक्षी दिसते. तयार मॉडेल सांध्यांत चांगल्यापैकी मानले जाणारे १२ अंशांचे असतात, म्हणजे जेमतेम वन इन फाइव्ह. खेळण्याच्या संचातले साडेबावीस अंशांचे. त्यांच्यावरून लांब डबा जाताना पुढचा डबा एकीकडे, मागचा दुसरीकडे असा मुरडतो, आणि कितीही सुंदर रंगवलेली गाडी त्या क्षणी खेळणं होते.

खरा वन इन ट्वेल्व्ह सांधा साधारण ४० मीटर लांब असतो, एचओमध्ये ४६ सेंटिमीटर. तेवढी जागा आपल्याकडे नाही. पण तडजोड कुठे करायची ते रेल्वेनेच दाखवून दिलं आहे. प्रवासी गाड्या जातात तिथे वन इन ट्वेल्व्ह, यार्डात आणि मालाच्या रुळांवर वन इन एट अँड हाफ. आपणही मेनवरचे चार सांधे मिळतील तितके लांब घ्यावेत आणि बचत बाजूच्या मालाच्या रुळावर करावी.

मालधक्का कुठल्या तोंडाने जोडायचा?

एका टोकाला बंद असलेला रूळ म्हणजे साइडिंग. मालधक्का त्याच्याच कडेला. प्रश्न एवढाच की तिचा सांधा कोणत्या दिशेला तोंड करून बसवायचा.

समजा मालगाडी मडगावकडून आली आणि मालाच्या लूपला उभी राहिली. साइडिंगचा सांधा असा असेल की गाडी त्याच्या पुढे जाऊन थांबते आणि मग मागे येत डबे आत ढकलते, तर काम सोपं. इंजिन बाहेरच्या बाजूला राहतं, डबे आत सोडून मोकळं निघतं. सांधा उलट तोंडाने असेल तर इंजिन आधी आत शिरतं, डबे त्याच्या मागोमाग, आणि इंजिन बंद टोकाशी कोंडलं जातं. मग ते सोडवायला आधी लूपमध्येच इंजिन काढून मोकळ्या रुळावरून वळसा घालून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. खऱ्या रेल्वेत असा वळसा घेतातच, पण तो घ्यायला दुसरा रूळ रिकामा पाहिजे. ज्याला कोडी सोडवायला आवडतात त्याने मुद्दाम उलटा सांधा ठेवावा. मला विचाराल तर पहिल्या स्टेशनला नको.

काळाचा विचार इथेही करावा लागतो. आज मालगाडी बहुतेक पूर्ण रेकच्या, म्हणजे न तोडता अख्ख्या गाडीच्या, हिशोबाने धावते. दोन वाघिणी इथे सोडल्या, तीन तिथे उचलल्या, असं छोट्या स्टेशनावर आता फारसं दिसत नाही. तसली जुळवाजुळव खेळायची असेल तर वाफेच्या इंजिनांचा काळ निवडा. आजचाच काळ हवा असेल तर रो-रो हा झकास उपाय आहे. साइडिंगच्या बंद टोकाला एक उतार बांधायचा, ट्रक त्यावरून सपाट वाघिणींवर चढतात आणि एकामागून एक पुढे सरकत जातात. कोलाडला ट्रक असेच गाडीवर चढतात. जागा थोडी लागते आणि बघणाऱ्याला पाहताक्षणी कळतं की हे कोकण आहे.

लूपच्या टोकाला वाळूचा ढीग कशाला?

काही स्टेशनांत लूप मेनला मिळण्याआधी एक छोटासा फाटा सरळ पुढे जातो आणि वाळूच्या ढिगात संपतो. प्रवाशाला तो अर्धवट सोडलेला रूळ वाटतो. पण दोन्हीकडून गाड्या एकाच वेळी स्टेशनात येत असतील आणि एकीचा ब्रेक वेळेत लागला नाही, तर ती पुढच्या सांध्यावर दुसरीला धडकेल. म्हणून एक तर सिग्नलच्या पुढे १२० मीटर रूळ मोकळा ठेवायचा, नाही तर चुकलेल्या गाडीला वाळूत नेऊन रुतवायचं. एरवी सांधा त्या वाळूकडेच वळवलेला असतो.

१२० मीटर म्हणजे एचओमध्ये १३८ सेंटिमीटर, ते विसरा. १५-२० सेंटिमीटरचा फाटा आणि बारीक चाळलेल्या वाळूचा उंचवटा पुरतो. मात्र या फाट्याचा सांधा लूपच्या आत बसतो आणि गाडीची जागा खातो. १६१ सेंटिमीटरमध्ये तो हवा असेल तर एक डबा कमी करावा लागेल. मी डबा कमी करेन. जाणकार माणूस फळीसमोर आला की डबे मोजायच्या आधी त्याची नजर या ढिगाकडे जाते.

आपलं ब्रॉडगेज तर १६७६ मिलिमीटर, मग पायाच चुकला की!

चुकला आहे खरा. एचओच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर असतं, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी केलेले आहेत. आपलं ब्रॉडगेज त्या प्रमाणात १९.३ भरतं. म्हणजे पावणेतीन मिलिमीटरची तूट. गाडी समोरून पाहिली तर ती जाणवते. फळी भिंतीला लागून आणि डोळ्यांच्या उंचीला असेल तर आपण गाडी बाजूनेच पाहतो आणि तूट विसरायला होते. स्वतः रूळ बांधायची तयारी असलेल्यांनी १९.३ चे बांधावेत, बाकीच्यांनी एवढ्यासाठी अडून राहू नये.

गंमत अशी की आपल्या छोट्या गेजना तयार रूळ जास्त जुळतात. मीटरगेज १ : ८७ ला साडेअकरा मिलिमीटर होतं आणि स्विस पद्धतीचे १२ मिलिमीटरचे रूळ बाजारात आहेत. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचं गेज ७६२ मिलिमीटर. ते होतं ८.८, आणि ९ मिलिमीटरचे रूळ सर्रास मिळतात. जुन्या मिरजेसारखं, जिथे मीटरगेज आणि बार्शी लाइटची छोटी गाडी दोन्ही येत, असं स्टेशन करायचं मनात असेल तर रुळांच्या बाबतीत तुम्ही कोकणवाल्यापेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ असाल. शिवाय डबे आखूड, इंजिनं आखूड, १० फुटांत दीड स्टेशन बसेल. माथेरानच्या ६१० मिलिमीटरला मात्र ही सोय नाही, तो ७ मिलिमीटर भरतो.

फळीबाहेर गाडी जाते कुठे?

पुण्यात कर्वे रस्त्याजवळ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून अनेक मराठी मुलांना हा नाद लागला. तिथे एका अख्ख्या शहरातून गाड्या फिरताना दिसतात, ती मौज निराळी. घरच्या फळीवर गोल फिरणारी गाडी दर मिनिटाला त्याच स्टेशनात येते आणि क्रॉसिंगचा सगळा डाव फुकट जातो. गाडी कुठून तरी आली पाहिजे आणि कुठे तरी निघून गेली पाहिजे.

त्यासाठी फळीच्या दोन्ही बाजूंना, कपाटामागे किंवा कोपऱ्यात, छुपं यार्ड लागतं. एका बाजूला रत्नागिरीकडचं जग, दुसऱ्या बाजूला मडगावकडचं. सर्वात स्वस्त प्रकार म्हणजे चार रूळ ठोकलेली, ड्रॉवरच्या पट्ट्यांवर आडवी सरकणारी फळी. हवा तो रूळ मेनसमोर आणायचा आणि गाडी सोडायची. एकही सांधा नाही. तिथवर नेणारं वळण सर्वात लांब डब्याच्या लांबीच्या तिप्पट त्रिज्येचं तरी ठेवा. एलएचबीला ते ८३ सेंटिमीटर होतं. मेन फळीबाहेर पडते ती जागा कोकणात लपवायला सोपी, बोगदा घाला. मात्र बोगद्याला वर डोंगर लागतो, तेव्हा त्या टोकाला फळी थोडी रुंद हवी.

सगळे रूळ फळीच्या कडेला समांतर नकोत

एका ओळीत सांगण्यासारखं, तरी फरक मोठा पडतो. मेनची रेघ फळीच्या कडेला चार-पाच अंश तिरकी ठेवा. रूळ कडेला समांतर असले की डोळ्याला फळी दिसते, तिरके असले की जमीन दिसते.

खर्च करण्याआधी कागदावर चालवा

बऱ्याच उत्पादकांच्या संकेतस्थळांवर सांध्यांचे खऱ्या मापाचे नकाशे मिळतात. ते छापून, कापून फळीवर चिकटवा. मधले रूळ स्केचपेनने ओढा. ४९ मिलिमीटरचा पुठ्ठ्याचा तुकडा कापून दोन मध्यरेषांमध्ये सरकवत न्या आणि तो जिथे बरोबर बसतो तिथे फाउलिंग मार्क लाल करा. मग प्रत्येक गाडीच्या लांबीची एक कागदी पट्टी कापा आणि पहिल्या कागदावर लिहिलेलं वेळापत्रक हाताने खेळा. पॅसेंजर लूपला आली, शेपूट लाल खुणेच्या आत आहे? एक्स्प्रेस मेनवरून गेली, कुठे वाकली का? मालगाडी मधल्या वेळेत साइडिंगला डबे ढकलताना मेनवर तर येत नाही ना? येत असेल तर साइडिंगचा सांधा लूपमध्ये आणखी आत न्या, कारण मालगाडी मेनवर असेपर्यंत एक्स्प्रेसला बाहेरच्या सिग्नलला ताटकळावं लागणार.

पट्ट्या खुणेबाहेर जायच्या थांबल्या की फळी उलटी करा. फळीला खालून ठोकलेल्या आडव्या लाकडी पट्ट्या एखाद्या सांध्याच्या बरोबर खाली येत असतील तर त्या आताच सरकवा. सांधा बदलणारी मोटर तिथे बसवायची असते.